हुमारचं आमीन

खानावळीत जायची कल्पना माझ्या नवऱ्याची. इल्शातचं म्हणणं असं की विषय घरी निघाला तर आपा आवाज चढवतील आणि मी रडेन. चार लोकांत बसलो तर दोघीही जरा शिस्तीत राहू. आपा म्हणजे त्याची आई, माझ्या सासूबाई. "सानियामच्या खानावळीत जाऊ, लघमान खाऊ, शांतपणे बोलू," तो म्हणाला. आता सानियाम शहरात खानावळ चालवत असली तरी ती आपांच्याच माहेरगावची, बैसेइतची. तिच्या खानावळीत संध्याकाळी जी माणसं बसलेली असतात त्यांतली निम्मी आपांना त्यांच्या लग्नाआधीपासून ओळखतात. म्हणजे शांत, तटस्थ जागा म्हणून नवऱ्याने मला नेलं ते थेट आपांच्या माहेरच्या अंगणात.

विषय एकच होता. माझी मुलगी हुमार सव्वा वर्षाची झाली होती आणि अजून अंगावर पीत होती. मला औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत, परत रुजू व्हायचं होतं. आपांचं म्हणणं, त्या पोरीला आपल्या गावी घेऊन जातील, दोनेक आठवडे ठेवतील, दूध सुटलं की आणून सोडतील. आमच्यात असंच करतात. इल्शातचं असंच सुटलं, त्याच्या बहिणीचं असंच सुटलं. मला ही पद्धत पूर्ण मान्य होती, फक्त माझ्या मुलीच्या बाबतीत नव्हती. गावच्या घरात कोळशाची शेगडी आहे, चहूबाजूंनी उघडी. अंगणातून पाण्याचा पाट जातो. आणि कुत्रा आहे, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की तो काही करत नाही. हे वाक्य मी ज्या ज्या कुत्र्याबद्दल ऐकलंय त्याने पुढे काही ना काही केलेलं आहे.

निर्णय अर्थातच बोवांचा. बोवा म्हणजे इल्शातचे आजोबा, ऐंशी ओलांडलेले. जेवण संपताना ते हात वर करून दुआ मागतात. त्याआधी घरातला जो प्रश्न त्यांच्यापुढे मांडला असेल तो त्या दुआत जातो, आणि आमीन म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले की मिटला. त्यानंतर कुरकुर करायची तर मनात. थोडक्यात, मला दुआ होण्याच्या आत तोंड उघडून 'नको' म्हणायचं होतं. सोपं काम. पण लग्नाला तीन वर्षं झाली तरी आपांना मी एकदाही नको म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाढलेल्या पुलावालासुद्धा नाही.

"आलीस का गं हुर्शिदा!" सानियाम आपांना बघून दारातूनच ओरडली. "बारीक झालीस की!"

"तुझे डोळे गेलेत," आपा खूश होऊन म्हणाल्या.

आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. बोवांना दारापासून सगळ्यात लांबची, मानाची खुर्ची. मी हुमारला मांडीवर घेऊन ओल्या रुमालाने टेबल पुसायला लागले.

"पूस, बाळ, पूस," सानियाम म्हणाली. "आत्ताच मी पुसलंय, म्हणजे घाणच असणार."

ओशाळून मी रुमाल पिशवीत टाकला. मग ती दुसरीकडे वळल्यावर काढून उरलेला कोपरा पुसला.

आता हुमारबद्दल एक सांगायला हवं. आठवड्यापूर्वी ती आमीन शिकली होती. व्हिडिओ फोनवर गावच्या बोवांना बघून बघून. दोन्ही तळवे वर, मग गालांवरून खाली, आणि शेवटी आपल्याच हनुवटीचं कौतुक केल्यासारखं हसायचं. घरात सगळे म्हणायचे, किती धार्मिक पोरगी! मी दिवसभर तिच्याचकडे बघत असते, त्यामुळे मला ठाऊक होतं की धर्माचा इथे काही संबंध नाही. तिला रिकाम्या वाडग्याचा तळ दिसला की ती आमीन करते. वाडगं संपलं की बोवा करतात, म्हणून तीही करते. भरलेलं वाडगं असेल तर ती पक्की नास्तिक.

वाडग्यांतून चहा आला, नान आले. आतून पीठ ओट्यावर आपटल्याचे फटके ऐकू येत होते, म्हणजे लघमानच्या शेवया ओढायला घेतल्या होत्या. इल्शातने माझ्याकडे बघून, आता लवकरच बोलू, अशा अर्थाने भुवया उडवल्या आणि नानचा मोठा तुकडा तोंडात भरला, म्हणजे तो बोलणार नव्हता. बोवांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, वाडगं तिरकं करून खाली ठेवलं.

हुमारने हात वर केले.

बोवांचे डोळे अर्धे मिटलेले होते. समोर दोन तळवे वर गेलेले त्यांना अंधुक दिसले, आणि बटण दाबल्यावर दिवा लागतो तसे त्यांचे हात आपोआप वर गेले. बोवांचे गेले म्हणून आपांचे गेले. आपांचे गेले म्हणून इल्शातचे, तोंडात नान तसाच. माझेही गेले, त्या क्षणी न जाणं म्हणजे काय ते आमच्यात वाढलेल्यालाच कळेल. मागच्या टेबलावर टॅक्सीवाल्यांचं टोळकं कबाब खात बसलं होतं, त्यांनीही सळया ताटात टाकून हात उचलले. बोवांनी सविस्तर दुआ मागितली. गेलेल्यांसाठी, असलेल्यांसाठी, रस्त्यावर असलेल्यांसाठी, यंदाच्या सफरचंदांसाठी.

"आमीन!" म्हणाली सगळी खानावळ.

त्याच वेळी सानियाम लघमानच्या चार थाळ्या घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडली होती. आमीन ऐकताच ती जागच्या जागी वळली, थाळ्या टॅक्सीवाल्यांपुढे ठेवल्या आणि येऊन आमचे नान, चहा, किटली, सगळं उचललं. तीस वर्षं खानावळ चालवणारी बाई; आमीन ऐकलं की तिचे हात तिला विचारत नाहीत.

"सानियाम मावशी!" इल्शात कळवळला. "आम्ही अजून खाल्लं कुठे?"

"मग आमीन कशाला म्हणालात?"

"हिने केलं!" त्याने हुमारकडे बोट दाखवलं. हुमार हसली.

"बरं, आणते दुसरं लघमान. मांडते परत."

"इथे नाही," बोवा म्हणाले. ते आता पूर्ण जागे झाले होते. "दुआ झाली. जेवणाचा हा दस्तरखान मिटला. मिटलेल्या दस्तरखानावर परत हात घालायचा नसतो."

"बोवा, सव्वा वर्षाची आहे ती," इल्शात म्हणाला.

"सुरुवात तिने केली. पूर्ण मी केली," बोवा म्हणाले, आणि काठी घेऊन उठले.

त्यामुळे आम्ही शेजारच्या टेबलावर गेलो. बोवा मानाच्या खुर्चीत, मी हुमारला घेऊन, इल्शात पिशव्या घेऊन, आपा अख्ख्या खानावळीला "माझी नात!" असं सांगत सांगत.

या वेळी लघमान पोचलं. वाफाळतं, वर ढोबळी मिरची आणि मटण. दोन घास झाले नाहीत तोच आपांनी विषयाला हात घातला. "बोवा, एक विचारायचं होतं. पोरगी आता मोठी झाली. आणि ही बघा." त्यांनी माझं मनगट धरून वर उचललं, बाजारात कोंबडीचा पाय दाखवतात तसं. "वाळून गेली पाजून पाजून. मी म्हणते, मिनावर, तुलाही आराम नको का?"

"हो आपा," मी म्हणाले.

हे माझं 'नको' होतं. ऐनवेळी तोंडातून बाहेर पडताना त्याचं 'हो' झालं. मी इल्शातकडे बघितलं. तो एका लांबलचक शेवईचं दुसरं टोक शोधत होता.

"तर मला असं वाटतं बोवा, की मी..." आपा म्हणाल्या, आणि मागच्या टेबलावरच्या एका टॅक्सीवाल्याने रस्सा संपवून वाडगं तोंडापासून खाली घेतलं.

मांडीवर दोन छोटे हात वर गेले.

पुढचं काय सांगू? बोवा, आपा, इल्शात, मी, टॅक्सीवाले. या वेळी दारात उभं असलेलं एक नवं गिऱ्हाईकसुद्धा, टोपी सांभाळत. सानियाम धावत आली. इल्शातने आपली थाळी छातीशी कवटाळली, पण बाकीच्या तीन गेल्या. टॅक्सीवाल्यांपैकी म्हातारा म्हणाला, "लई पुण्यवान कुटुंब आहे. खातच नाहीत."

तिसऱ्या टेबलाकडे जाताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रयोगशाळेत आम्ही एक गोष्ट दोनदा तशीच घडली की तिची नोंद घेतो. दोन्ही वेळा विषय तोंडाशी आला होता, हुमारने हात वर केले, विषय तिथेच राहिला. 'मोठी झाली' एवढंच बोवांच्या कानावर गेलं होतं, आणि दुआत त्यांनी तिच्यासाठी दीर्घायुष्य मागितलं होतं. गावाचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे मला नको म्हणायची गरजच नव्हती. मला फक्त एक रिकामं वाडगं लागणार होतं.

मी काही दुष्ट बाई नाही. आधी बोवांना पोटभर खाऊ दिलं. त्यांचं वाडगं संपत आलं की मी लगबगीने चहा ओतायची, शेजारच्या टेबलावर कोणी रस्सा पिताना दिसला की हुमारचं तोंड खिडकीकडे वळवायची. "किती लक्ष ठेवते सून!" बोवा म्हणाले. मी लाजले. बोवांनी ढेकर दिली, आपांनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने ओठ टिपले आणि सुरुवात केली, "तर बोवा, मी काय म्हणत होते..."

मी माझं वाडगं टेबलाखाली हुमारच्या नाकासमोर तिरकं केलं.

काम फत्ते. आमीन. टॅक्सीवाले आता आमच्याकडे बघून हात तयारच ठेवून बसले होते.

"अगं, आहे काय हे?" सानियाम कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीन टेबलं झाली! आता एकच उरलंय, दारातलं. त्यानंतर तुम्हाला भट्टीत बसवावं लागेल."

"फक्त चहा दे," आपा म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, दमल्यात बिचाऱ्या.

दारातल्या टेबलाशी वारा येत होता. मी हुमारला टोपी घातली, टोपीवर टोपरं घातलं. चहा आला. मी माझा चहा एका दमात पिऊन टाकला, जीभ भाजली, पण हत्यार तयार असायला हवं होतं. आपा मात्र विषयच काढेनात. त्यांनी यंदाच्या कोबीबद्दल सांगितलं. सानियामच्या जावयाबद्दल सांगितलं. बोवा पेंगू लागले. मला वाटलं, सोडला विषय. जिंकले मी. पण सवयीने हात वाडग्यावर होता.

"बोवा," आपा म्हणाल्या.

मी वाडगं तिरकं केलं.

"शनिवारपासून हुमारचं दूध तोडायचं आणि ती माझ्याजवळ राहणार!" आपांनी हे एका श्वासात, शेवटच्या बसच्या कंडक्टरसारखं, ओरडून म्हटलं. ज्या क्षणी त्यांचा 'र' संपला त्याच क्षणी हुमारचे हात वर गेले, बोवांचे वर गेले, आणि बोवा मोठ्याने म्हणाले, "अल्ला या शनिवारच्या कामात बरकत देवो, पोरीचं दूध सुखाने सुटो..."

"आमीन!" सगळी खानावळ. टॅक्सीवाले उभेच राहिले.

माझेही हात तोंडावरून फिरले. माझेच हात!

आपांनी चहाचा घोट घेतला. "वाडगं तू दाखवलंस," त्या सहज म्हणाल्या. "मागच्या टेबलावरही तूच दाखवलंस. मी तेव्हाच बघितलं. आता तू परत उचलायची वाट बघत होते. तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही का, दुसऱ्यालाही डोळे असतात म्हणून?"

"नको," मी म्हणाले.

इतकी वर्षं अडकलेला तो शब्द असा बाहेर पडला की इल्शातच्या हातातली साखर सांडली. "नको, आपा. मला भीती वाटते. त्या शेगडीची वाटते, पाटाची वाटते. मी रात्रभर जागी राहीन इथे. दूध तोडायचंय, मला मान्य आहे, मलाही तोडायचंय. पण तिला अनोळखी घरात नेऊन नको. तिला तिच्या खोलीत राहू दे."

म्हातारा टॅक्सीवाला हळूच म्हणाला, "आमीननंतर बोलली पोरगी. उशीर केला."

"अनोळखी घर?" आपांचा चेहरा लाल झाला. "तिच्या बापाचं घर अनोळखी? त्याच शेगडीपाशी हा लहानाचा मोठा झाला! भाजला कुठे?"

"इथे," इल्शात म्हणाला आणि त्याने बाही वर केली.

लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने मला असा उपयोगी पाठिंबा दिला होता. अर्थात तो पाठिंबा होता हे त्याला कळलं नाही. विचारलं म्हणून त्याने दाखवलं. आपांनी तो डाग बघितला, नजर वळवली, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते एकदाच झालं."

"आपा, मग तूच इथे राहा ना," इल्शात म्हणाला. आज त्याला सुचतच चाललं होतं. "आमच्याकडे. ती तिच्या खोलीत, तू तिच्याजवळ."

"आणि ही? ही घरात असली तर पोरगी दूध सोडेल का? वास येतो त्यांना आईचा, भिंतीपलीकडून येतो. आणि माझ्या चिपारला कोण बघणार? चिपार काय टॅक्सीने येईल?"

चिपार म्हणजे आपांची गाय. सगळ्यांनी बोवांकडे बघितलं. बोवा डोळे मिटून बसले होते.

"सून बघेल," बोवा म्हणाले, डोळे न उघडता.

"काय?" आपा म्हणाल्या.

"दूध तोडायचं म्हणजे दोघींना वेगळं करायचं. एकीला न्यायचं. मोठीला घेऊन चला. ती गाडीत रडत नाही."

टॅक्सीवाले खो खो हसले. सानियाम हसली, इल्शातही हसला. मी हसले नाही. मी हिशेब करत होते. हुमार तिच्या बिछान्यात, तिच्या पडद्यांच्या खोलीत, शेगडी नाही, पाट नाही. आणि शेगडी, पाट, तो काही न करणारा कुत्रा, हे सगळं माझ्या वाट्याला. म्हणजे भीती तेवढीच राहत होती, फक्त तिची जागा बदलत होती. माझ्याबद्दल मला एवढी भीती वाटत नाही.

"बघते," मी म्हणाले. "मी जाते गावी. मी बघते गाय."

हसणं थांबलं. सगळ्यात आधी आपांचं, खरं तर त्या हसतच नव्हत्या.

"ही?" त्या म्हणाल्या. "बोवा, ही टेबल पुसून बसते! ही गोठ्यात शिरणार? हिने आयुष्यात गाईला हात लावलाय का?"

"प्रयोगशाळेत दूध तपासलंय," मी म्हणाले.

"ऐकलंत? बाटलीतलं!" आपा उठल्या, परत बसल्या. "चिपार अनोळखी माणसाला आचळाला हात लावू देत नाही. डावीकडून गेलं तर लाथ मारते. नाही, नाही. ती घाबरेल."

"आमीन झालंय," बोवा म्हणाले. "मागे घेता येत नाही." आणि त्यांनी डोळे परत मिटले.

सानियाम नवी किटली घेऊन आली आणि काही उचलायच्या ऐवजी खुर्ची ओढून बसली. "छाती दगडासारखी होईल गं तुझी," ती मला म्हणाली, सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात. "कोबीची पानं बांध. हुर्शिदाच्या परसात आहेत." टॅक्सीवाल्यांनी सभ्यपणे ताटात माना घातल्या.

"उजवीकडून जायचं," आपा अचानक म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चहाकडे बघत होत्या. "आधी तिच्याशी बोलायचं. काहीही बोल, पण हळू. हात गरम करून मग लावायचा."

"हुमारला पाणी कोमट लागतं," मी म्हणाले. "गार दिलं तर थुंकते. आणि झोपताना ती कानाची पाळी धरते. माझी. तुम्ही कानातलं काढून झोपा, नाहीतर ओढेल."

"काढीन. वासरू वेगळं बांधायचं. रात्रभर हंबरेल ते, ऐकवत नाही. दया आली तरी सोडायचं नाही."

मी मान डोलावली. जराशाने म्हणाले, "सफरचंद किसून द्या. तुकडा नको. तुकडा घशात अडकतो."

"मला सांगते! तीन पोरं वाढवली मी."

"आणि मी पाव गाय तरी वाढवली का? तरी ऐकतेच आहे ना?"

आपांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता आवाज चढणार. पण त्यांनी किटली उचलली, माझं वाडगं घेतलं, त्यात आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला ओततात तसा थोडासाच चहा ओतला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "ताप आला तर काय देतेस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. औषध, मात्रा, कधी, किती वेळाने. त्यांनी मला दोनदा परत सांगायला लावलं. मग त्यांनी चिपारचं पोट फुगलं तर काय करायचं ते सांगितलं, मी तीनदा परत विचारलं, कारण त्यात एक नळी होती. हुमार माझ्या मांडीवर झोपून गेली. बोवा खुर्चीत झोपले होते. टॅक्सीवाले एकेक करून निघून गेले. जाताना म्हाताऱ्याने शनिवारी मला स्वतः गावी सोडायचं कबूल केलं, वाटेत गाईचं उरलेलं सगळं समजावीन म्हणाला.

"रात्री एकदा उठून बघशील ना तिला?" आपांनी विचारलं. "नुसतं कंदील धरून. उभी आहे का बसली आहे, एवढंच."

"बघीन. तुम्ही?"

"मी कुठली झोपायला!" त्या म्हणाल्या. मग घाईने, "आणि सारखा सारखा फोन करू नकोस. पोरीला तुझा आवाज ऐकू जाता कामा नये."

"नाही करणार."

"मी करीन. सकाळ-संध्याकाळ."

"गाईशी बोलायला?" इल्शातने विचारलं.

आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं. एकाच वेळी, एकाच नजरेने. तो मुकाट्याने उठला आणि सगळ्यांचे कोट आणायला गेला.